नागपुरात इन-हाऊस थ्रीडी व्हिज्युअलायझर: नोकरी कुठे घ्यावी, काय विचारून घ्यावी आणि पुढे कशी न्यावी

थ्रीडी व्हिज्युअलायझेशनचा, म्हणजे न बांधलेल्या घराचं-इमारतीचं कॉम्प्युटरवर चित्र करण्याचा, कोर्स संपत आला की मुलं फोन करतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो, "ताई, स्टुडिओत लागू की कुणाच्या ऑफिसात इन-हाऊस?" स्टुडिओ म्हणजे बाहेरच्या अनेकांची चित्रं करून देणारं ऑफिस; इन-हाऊस म्हणजे एकाच आर्किटेक्ट, बिल्डर किंवा इंटिरियरवाल्याकडे नोकरी. उत्तर आधीच देऊन टाकते: इन-हाऊस लागा, मात्र ऑफिस बघून. ज्या ऑफिसात सगळं ठरून झाल्यावर "आता थ्रीडी करून घ्या" म्हणत फाइल तुमच्याकडे येते, तिथे चार वर्षांनीही तुम्ही त्याच खुर्चीत असाल. ज्या ऑफिसात तुमचं चित्र पाहून खिडकी सरकते, रेलिंग बदलतं, टाइल रद्द होते, तिथे पुढे रस्ता आहे. हे दोन प्रकार ओळखायचे कसे आणि दुसऱ्या प्रकारात टिकायचं कसं, एवढंच मला सांगायचंय.

मी आधी धरमपेठेत एका आर्किटेक्टकडे होते. आता वर्धा रोडवर एका बिल्डरच्या ऑफिसात थ्रीडीचं काम सांभाळते. हाताखाली दोघं आहेत. मुलाखती देणं आणि घेणं, दोन्ही करून झालंय.

खुर्ची कुणाकडची

नागपुरात इन-हाऊस जागा तीन ठिकाणी निघतात आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा.

पहिलं, आर्किटेक्टचं ऑफिस. धरमपेठ, रामदासपेठ, बजाज नगर, लक्ष्मी नगर या पट्ट्यात अशी छोटी ऑफिसं गल्लोगल्ली आहेत. थ्रीडीवाला साधारण एकच असतो. शिकायला जागा उत्तम, कारण प्लॅन अजून हलत असतो आणि तुम्ही त्या हलण्यात सामील असता. अडचण अशी की व्हीएनआयटी किंवा शहरातल्या इतर आर्किटेक्चर कॉलेजांतून ट्रेनिंगला येणारी मुलं स्केचअप आणि एनस्केप ही थ्रीडीची सॉफ्टवेअर शिकूनच येतात. कामचलाऊ व्ह्यू (थ्रीडी चित्रं) ती स्टायपेंडवर करून देतात. तुमच्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त काहीतरी असायला हवं. दुसरी मर्यादा कायद्याची: १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनुसार नोंदणी नसलेल्या माणसाला आर्किटेक्ट हे पद लावता येत नाही. डिप्लोमा, बीएफए किंवा नुसता सॉफ्टवेअरचा कोर्स करून आलेल्यांना या ऑफिसात एका टप्प्यानंतर वर छत लागतं. आणि हो, व्हिजिटिंग कार्डावर "थ्रीडी आर्किटेक्ट" छापणाऱ्यांनी ते आजच्या आज काढावं.

दुसरं, बिल्डर. बेसा, बेलतरोडी, मनीष नगर, जामठा, मिहान, हिंगणा रोड, कोराडी रोड, जिकडे शहर पसरतंय तिकडच्या स्कीमची कामं. इथे वर्ष सणांवर चालतं. गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा, दिवाळी. लाँचच्या आधीचे दोन महिने जेवायला वेळ नसतो आणि नंतर काही आठवडे तुम्ही जुन्या फाइली आवरत बसता. पगार आर्किटेक्टच्या ऑफिसपेक्षा बहुधा बरा असतो. डिझाईन मात्र अनेकदा बाहेरच्या आर्किटेक्टकडून होऊन येतं, म्हणजे तुमच्या हातात रंगरंगोटीच उरायची भीती.

तिसरं, इंटिरियरचं टर्नकी (डिझाईनपासून प्रत्यक्ष पूर्ण करून देण्यापर्यंतचं) काम करणारी ऑफिसं. नवख्याला मी पहिली दोन वर्षं इथेच सुचवते. कारण साधं आहे: तुमचं चित्र आणि त्याचं प्रत्यक्षात येणं यात काही आठवड्यांचंच अंतर असतं. सुतार तुमचा प्रिंट हातात घेऊन विचारतो, "मॅडम, हे शटर उघडन कुठं? बाजूला तर बीम हाय न." एवढं शिक्षण कुठल्याच ट्यूटोरियलमध्ये मिळत नाही. बिल्डिंगच्या कामात तुमची चूक कळायला तीन वर्षं लागतात, तोवर तुम्ही दुसऱ्या ऑफिसात असता.

स्टुडिओबद्दल एक वाक्य: हात तिथे लवकर बसतो, कारण शेजारी शिकवायला सीनियर असतो; पण परदेशातली घरं रंगवून रंगवून नागपुरातली एक साइट न पाहिलेली मुलं मी मुलाखतीत पाहते आणि मला त्यांची काळजी वाटते.

पोर्टफोलिओ: वीस चित्रं नकोत, एक प्रोजेक्ट दाखवा

वीस सुंदर व्ह्यू घेऊन येणारे खूप आहेत. मी फाइल उघडते आणि विचारते, "याचा प्लॅन?" शांतता. मॉडेल विकतचं, लाइटिंग सेटअप कोर्समधला, झाडं लायब्ररीतली. मग त्यात तुमचं काय?

त्यापेक्षा एकच घर घ्या. मावशीचं असेल तरी चालेल. टेप घेऊन मोजा, ऑटोकॅडमध्ये प्लॅन आणि एक सेक्शन (घर उभं कापल्यावर दिसेल तसं ड्रॉइंग) काढा, पांढरं मॉडेल करा, मग शेवटचा व्ह्यू. त्याच जागेवरून काढलेला फोटो शेजारी ठेवा. ही पाच पानं वीस चित्रांना भारी पडतात, कारण त्यातून कळतं की तुम्हाला ड्रॉइंग वाचता येतं. मी उमेदवाराला सेक्शनचा प्रिंट देऊन हेच तपासते. टॉयलेटचा स्लॅब इथे खाली का गेलाय? मजल्याची उंची १० फूट आणि बीम स्लॅबसकट १८ इंच, तर बीमखाली किती उरलं? साडेआठ फूट. मग तुमच्या व्ह्यूमध्ये हॉलचं सीलिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट कसं?

दुसरी गोष्ट उन्हाची. सॉफ्टवेअरमध्ये लोकेशन नागपूर टाका आणि उत्तर दिशा प्लॅनवरून लावा. निम्मे लोक हे करतच नाहीत. नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याच्या आसपास भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दुपारीसुद्धा किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला दुपारचा सूर्य दक्षिणेला जेमतेम ४५ अंशांवर असतो आणि उत्तरेच्या भिंतीवर दिवसभरात ऊन पडतच नाही. आता तुमचं उत्तराभिमुख एलिव्हेशन (इमारतीची दर्शनी बाजू) हिवाळ्याच्या सोनेरी उन्हात न्हाऊन निघालेलं असेल, तर ते चित्र खोटं आहे आणि समोर बसलेला जुना आर्किटेक्ट ते दोन सेकंदांत ओळखतो. उलट, मेमधल्या दुपारी दोनला पश्चिमेच्या बेडरूमवर छज्ज्याची सावली कुठवर येते आणि चार वाजता कुठे संपते, हे दाखवणारी दोन साधी चित्रं ठेवा. त्या दोन चित्रांवर डिझाईनचा निर्णय होतो.

झाडं आणि बाकी पसारा. लायब्ररीतली पाइन आणि मेपल उचलून बेलतरोडीच्या प्लॉटवर लावू नका. इथे कडुनिंब आहे, गुलमोहर, पेल्टोफोरम, सप्तपर्णी, कंपाउंडला चिकटलेली अशोकाची रांग, गेटवर बोगनवेल. आणि कूलर! मार्च ते जून नागपुरातल्या अर्ध्या खिडक्यांत कूलर बसतो. तो कुठे बसेल, पाणी कुठून भरतील, एसीचं आउटडोअर युनिट आणि त्याचा पाइप कुठे जाईल, हे दाखवणारा एक तरी व्ह्यू पोर्टफोलिओत ठेवा. मी असा व्ह्यू आणणाऱ्या मुलीला दुसरं काही न विचारता घेतलं होतं.

सॉफ्टवेअर कुठलं, यावर मी फार बोलत नाही. थ्रीडीएस मॅक्स आणि व्ही-रे किंवा कोरोना अजून चालतं. लुमियन, एनस्केप, ट्विनमोशन, डी-फाइव्ह यांपैकी एक रिअल-टाइम इंजिन (चित्र लगेच तयार करून दाखवणारं सॉफ्टवेअर) हाताला असावं. पैसे नसतील तर ब्लेंडर मोफत आहे आणि व्यवसायासाठीही वापरता येतं. ट्विनमोशन २०२४ पासून वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना मोफत आहे, म्हणजे नागपुरातली बरीचशी ऑफिसं त्यात बसतात. पॉली हेवन या वेबसाइटवरचे टेक्श्चर आणि एचडीआरआय (आकाश-प्रकाशासाठीच्या फोटो फाइली) विनाअट वापरता येतात. ऑटोडेस्कचं विद्यार्थ्यांसाठीचं लायसन्स मात्र शिकण्यापुरतंच. त्यावर पैसे घेऊन काम करता येत नाही.

मुलाखतीत तुम्ही काय विचारायचं

मुलं गप्प बसतात. विचारा. चांगल्या ऑफिसला प्रश्नांचा राग येत नाही, आणि ज्याला येतो त्याची ओळख तिथेच पटते.

सगळ्यात आधी: "शेवटचा व्ह्यू कोण पास करतो?" एका माणसाचं नाव आलं तर उत्तम. "सर बघतात, मॅडम बघतात, मार्केटिंगवाले बघतात, मोठे साहेबही एकदा नजर टाकतात" असं उत्तर आलं तर तुमचा एक व्ह्यू महिनाभर फिरणार हे धरून चाला.

मग: "प्लॅन कुठल्या टप्प्यावर माझ्याकडे येतो?" याचं उत्तर म्हणजे मी सुरुवातीला सांगितलेली कसोटी. सँक्शन (सरकारी मंजुरी) झाल्यावर येत असेल तर तुम्ही सजावट करणार. स्केचच्या वेळी येत असेल तर तुम्ही डिझाईनच्या टेबलावर बसणार.

"सॉफ्टवेअर लायसन्सचं आहे का?" हेही विचारा. क्रॅक (लायसन्स न घेता चालवलेलं) असेल तर नोकरी लगेच नाकारा असं मी म्हणत नाही, पण स्वतःच्या लॅपटॉपवर ते टाकून ऑफिसचं काम करायला सांगितलं तर नाही म्हणा.

मशीनबद्दल विचाराल तेव्हा नुसतं ग्राफिक कार्ड विचारू नका, ते कुठल्या खोलीत ठेवलंय ते बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. रात्री एसी बंद करून रेंडर (मॉडेलवरून शेवटचं चित्र तयार करायचं काम) लावून गेलं की मशीन तापून स्वतःचा वेग कमी करतं आणि सकाळी आठला अर्धंच चित्र झालेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे डेझर्ट कूलरची खोली: दमट हवा थेट कॅबिनेटवर आणि जाळीत धुळीचा थर. यूपीएस आहे का, निदान फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्याइतका वेळ देतो का, तेही बघा. रात्री ऑफिसात थांबण्याची सक्ती आहे का, हा प्रश्न मुलींनी तर विचारायलाच हवा. रेंडर लावून घरी जाता येतं आणि एनीडेस्कवरून पाहता येतं. तशी परवानगी आहे का, हे लाँचच्या आदल्या रात्री विचारण्यापेक्षा आज विचारलेलं बरं.

शेवटचा प्रश्न: "आधीचा माणूस का गेला?" उत्तरापेक्षा उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघा.

पैशांचं

आकडा मी सांगणार नाही, कारण तो ऑफिसागणिक इतका बदलतो की माझा आकडा तुम्हाला फसवेल. आकड्यामागचं काय बघायचं ते सांगते.

तुम्ही कर्मचारी आहात की सल्लागार? आपल्याकडे बरीच ऑफिसं "इन-हाऊस" म्हणतात, दहा ते सात बसवतात, आणि पैसे मात्र प्रोफेशनल फी म्हणून १० टक्के टीडीएस कापून देतात. मग पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, आणि गृहकर्जाला लागणारी सॅलरी स्लिप नाही. तसं असेल तर महिन्याची रक्कम त्या हिशेबाने जास्त मागा. २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो आणि त्यात मूळ पगाराच्या १२ टक्के मालकाकडूनही जमा होतात. १० किंवा जास्त माणसं असतील तर ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. कायम नोकरीत ती ५ वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते. पाच-सहा जणांच्या ऑफिसात यातलं काहीच सक्तीचं नाही. तिथे तोंडी आश्वासनावर न जाता, जे ठरलं ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

त्याच पत्रात दोन ओळी आणखी घालून घ्या. एक, पोर्टफोलिओची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्कदार, वेगळं ठरलेलं नसेल तर, मालक असतो. तुम्ही रात्र जागून केलेला व्ह्यू कायद्याने तुमचा नाही. "प्रोजेक्ट लाँच झाल्यावर व्ह्यू पोर्टफोलिओत वापरता येतील" एवढी ओळ पुरते आणि सुरुवातीला मागितली तर सहज मिळते. दोन, बाहेरच्या कामाची. नागपुरात रात्री घरी बसून कुणाकुणाची एलिव्हेशन करून देणारे खूप आहेत. करा, पण ऑफिसला माहीत असू द्या, ऑफिसचं मशीन आणि लायब्ररी वापरू नका, आणि त्याच गल्लीतल्या प्रतिस्पर्ध्याचं काम घेऊ नका.

पगारवाढ मागताना "मी खूप काम करते" याला काही किंमत नाही. तुम्ही येण्याआधी ऑफिस बाहेरून व्ह्यू करून घेत होतं. एका व्ह्यूला किती देत होतं ते अकाउंट्सवाल्या दादांना विचारा, वर्षभरात तुम्ही दिलेले व्ह्यू त्याला गुणा, तो कागद साहेबांसमोर ठेवा. त्यासाठी वर्षभराची नोंद मात्र हवी.

पहिले सहा महिने: रजिस्टर आणि गणित

साधी वही किंवा एक्सेल. तारीख, प्रोजेक्ट, कुठला व्ह्यू, कुणी काय बदल सांगितला, किती वेळ लागला. बस. पहिल्या महिन्यात सगळे हसतात. तिसऱ्या महिन्यात एक जण म्हणतो, "हा रंग मी सांगितलाच नव्हता," आणि वही उघडावी लागते. त्यानंतर कुणी हसत नाही.

टप्पे ठरवून घ्या: आधी पांढऱ्या मॉडेलवर कॅमेरा पक्का, मग मटेरियल, मग लाइट, शेवटी मोठा रेंडर. कॅमेरा पक्का झाल्याचा मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा "ओके" जपून ठेवा. फायनल रेंडर झाल्यावर "जरा डावीकडून दाखवून द्या न" ही फर्माईश येतेच. ती पांढऱ्या मॉडेलवर आली तर पाच मिनिटांचं काम, फायनलवर आली तर रात्र.

वॉकथ्रूचं, म्हणजे इमारतीत फिरवून दाखवणाऱ्या व्हिडिओचं, गणित तर तोंडपाठ असू द्या. एक मिनिट म्हणजे ६० सेकंद, सेकंदाला २५ फ्रेम, एकूण १५०० फ्रेम. एका फ्रेमला ५ मिनिटं लागली तर ७५०० मिनिटं, म्हणजे १२५ तास. एका मशीनवर अहोरात्र चालवलं तरी पाच दिवसांच्या वर. तेच रिअल-टाइम इंजिनमध्ये फ्रेमला १० सेकंद धरले तर सव्वाचार तासांच्या आत होतं. सोमवारी लाँच आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी "दोन मिनिटांचा वॉकथ्रू, एकदम रिअलिस्टिक" अशी मागणी आली, की हा हिशेब शांतपणे बोर्डावर लिहा. वाद घालावा लागत नाही.

होर्डिंगचंही तसंच. छपाईवाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) मागतो, कारण त्याला ब्रोशरची सवय असते. २० × १० फुटांचं होर्डिंग ३०० डीपीआयला ७२,००० पिक्सेल रुंद होईल. असा रेंडर कुणी करत नाही. चौकात लांबून दिसणाऱ्या होर्डिंगला ३० डीपीआय भरपूर झाले, म्हणजे ७२०० × ३६०० पिक्सेल. ए-थ्री ब्रोशरला मात्र ३०० हवेतच, म्हणजे साधारण ४९६१ × ३५०८. आणि छापायला देण्याआधी सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) एकदा पाहा. स्क्रीनवरचं निळंशार आकाश कागदावर मळकट येतं आणि ऐकून घ्यावं लागतं थ्रीडीवाल्याला.

लायब्ररी बांधा. इथे मिळणाऱ्या टाइल, लॅमिनेट, रंग यांचे नमुने मागवून सारख्या प्रकाशात फोटो काढा, कोडसकट नाव द्या. सहा महिन्यांनी साइट इंजिनिअर तुमच्या चित्रावरून थेट ऑर्डर देऊ लागतो. इथपर्यंत आलात की तुमच्याशिवाय मीटिंग होत नाही.

रेरा आणि तुमचा माऊस

हे कोर्समध्ये शिकवत नाहीत, म्हणून थोडं सविस्तर.

२०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅट पाहून कुणी पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघाल्याने त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला प्रोजेक्टमधून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत. जाहिरातीतलं चित्र तुम्ही केलेलं असतं. नोटीस तुम्हाला येणार नाही, साहेबांना येईल, आणि साहेब मग तुमच्या टेबलापाशी येतील.

म्हणून काम सुरू करण्याआधी सँक्शन प्लॅनची पीडीएफ मागा. प्लॉट कुठे आहे त्याप्रमाणे महापालिका, एनआयटी (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), ज्यांचा शिक्का असेल तो. २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या युनिफाइड बांधकाम नियमावलीत बाल्कनी, छज्जे, पार्किंग यांची मापं ठरलेली आहेत. प्लॅनमध्ये उघडी बाल्कनी असेल तर चित्रात काच लावून खोली करू नका. टेरेसवर परगोला मंजूर नसेल तर दाखवू नका. शेजारचा रिकामा प्लॉट दुसऱ्याचा आहे. तिथे हिरवळ आणि कारंजं लावणं, किंवा समोरची हाय टेन्शन लाइन आणि नाला पुसून टाकणं, हा हात की सफाईचा विषय नाही. बेसाच्या एका मोकळ्या प्लॉटशेजारी तलाव काढून द्या, असं मलाही सांगितलं गेलंय. मी विचारलं, "सर, हा तलाव कोण खोदून देणार?" विषय तिथेच संपला.

आतल्या व्ह्यूमध्ये दोन युक्त्या सर्रास चालतात. १५ मिलीमीटरची लेन्स लावून बेडरूमचा हॉल करणं आणि फर्निचर २० टक्क्यांनी लहान करणं. १० × ११ च्या खोलीचं खरं माप घेऊन बघा: १० फुटांच्या बाजूला साडेसहा फुटी पलंग, समोर दोन फूट खोल कपाट, मध्ये उरतो दीड फूट. कपाटाचं दार उघडायचं तर पलंगावर चढावं लागेल. हे चित्र तुम्ही डिझाईनच्या वेळी प्रामाणिकपणे दाखवलंत तर कपाट दुसऱ्या भिंतीला जातं आणि घर सुधारतं. पलंग लहान करून लपवलंत तर ताबा मिळाल्यावर ग्राहक टेप घेऊन येतो. कॅमेरा पाच फुटांवर, लेन्स २४ ते ३५ च्या दरम्यान, उभ्या रेषा सरळ. जागा अगदीच लहान असेल तर समोरची भिंत कापून मागून दाखवा.

खाली "कलाकाराच्या कल्पनेतील चित्र" अशी ओळ टाकली म्हणजे काहीही दाखवता येतं, या समजात राहू नका. जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि वेबसाइट लागतेच, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तेव्हा चित्राची मांडणी करतानाच खालच्या कोपऱ्यात त्यासाठी जागा मोकळी ठेवा, नाहीतर डिझायनर तो तुमच्या गेटवर चिकटवतो.

पुढे कुठे

पदं तीनच: ज्युनियर, सीनियर, थ्रीडी हेड. नागपुरातल्या बहुतेक ऑफिसात तर दोनच. वर जाण्याची वाट लवकर संपते, म्हणून आडवं सरकायला शिका.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती कोऑर्डिनेशनची वाट. रेव्हिट हे इमारतीचं माहितीसकट मॉडेल (बीआयएम) करायचं सॉफ्टवेअर शिका. तुम्हाला मॉडेल करता येतंच. त्यात बीम, डक्ट, पाइप आले की आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि प्लंबिंग कन्सल्टंट यांचा गोंधळ कागदावर येण्याआधी तुम्हाला दिसतो. नागपूर मेट्रोच्या कामात फाइव्ह-डी बीआयएमचा (मॉडेललाच वेळापत्रक आणि खर्च जोडण्याचा) बराच गाजावाजा झाला, तेव्हापासून बिल्डरलोकांच्या तोंडीही हा शब्द आलाय. दुसरी वाट सॅम्पल फ्लॅट आणि मटेरियलची. इंटिरियरमधून आलेल्यांना ती सोपी जाते. तिसरी सेल्सची: टचस्क्रीनवर ग्राहकाला फ्लॅट फिरवून दाखवणं, फरशी बदलून दाखवणं, त्यासाठी अनरिअल इंजिन. ही तिसरी झगमगीत आहे, पण नागपुरात तेवढा खर्च करणारे बिल्डर मोजकेच, म्हणून फक्त तिच्यावर विसंबू नका. बसल्या जागी पुण्या-मुंबईच्या किंवा आखातातल्या कंपनीचं काम करणारेही आहेत. पैसे चांगले, पण ती परत स्टुडिओचीच नोकरी झाली.

एआयबद्दल मुलं घाबरून विचारतात. स्केचअपचा स्क्रीनशॉट टाकला की मिनिटभरात फोटोसारखा व्ह्यू येतो, हे खरंय. मी वापरते: मूड दाखवायला, रंगांचे चार पर्याय काढायला, आकाश आणि माणसं भरायला. ब्रोशरला नाही, कारण ते खिडक्यांची संख्या बदलतं, चार मजल्यांचे पाच करतं, बीम गिळून टाकतं, आणि दुसऱ्या व्ह्यूमध्ये तीच इमारत वेगळी निघते. आधी सांगितलेलं कलम १२ आठवा. पण "एक छान इव्हिनिंग व्ह्यू" एवढंच ज्याचं काम होतं, त्याचं काम गेलंच म्हणून समजा. तक्रार करण्यात अर्थ नाही. सेक्शन वाचणारा, मापं पाळणारा, साइटवर जाऊन आलेला माणूस ऑफिसला लागणारच आहे. म्हणून महिन्यातून दोनदा तरी साइटवर जा. कुणी पाठवत नसेल तर मागून जा, पावसाळ्यात काळ्या मातीत बूट रुततील हे धरून.

सोडताना

दोन लाँच होऊन गेले तरी एकाही मीटिंगला बोलावलं नाही, रजिस्टरमध्ये सगळे बदल रंग आणि आकाशाचेच दिसतात, तर दुसरी जागा शोधायला लागा. पगार कमी म्हणून सोडण्यापेक्षा हे कारण मोठं आहे.

निघताना फाइली नीट द्या. मॅक्सची फाइल टेक्श्चरसकट आर्काइव्ह करून द्या, नाहीतर तुमच्या जागी आलेला मुलगा पहिल्याच दिवशी "मिसिंग मॅप्स" पाहत बसेल आणि नागपूर एवढं लहान आहे की तो तुम्हाला कुठे ना कुठे भेटणारच. पोर्टफोलिओच्या परवानगीचा मेल राजीनाम्याच्या आधी पाठवा आणि त्यात व्ह्यूंची नावं एकेक करून लिहा. नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात अशा मेलला कुणी उत्तर देत नाही.